आक्काच्या गाण्यांचा मालक

पिरनवाडी,
१७ जुलै २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. तुझी भावजय अंबुबाई गुडघा दुखतो म्हणते, पण तोंडाला विश्रांती नाही. तुमची रोपलावण कुठवर आली? चिखलात फार वेळ उभी राहू नकोस, असं सांगून तू ऐकणार नाहीस.

फोन केला की नीलमच उचलते. लेक हुशार आहे तुझी, पण हे फोनवर तिच्याजवळ बोलवत नाही. शेजारचा भरमा उद्या तुमच्याकडं जांबोटीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

आठवडाभर कारखान्यात तुझंच कौतुक सांगत सुटलोय. नीलमनं तुझी रोप लावतानाची गाणी मोबाइलवर घेऊन तिच्या इंटरनेटवरच्या चॅनेलवर टाकली, आणि चार दिवसांत ती गायब! कारण काय, तर गाण्यांचा मालक दुसराच आहे. सत्त्याण्णव साली ज्यानं तुझी कॅसेट काढली, त्यानं हक्क कुणाला विकले, त्यानं आणखी कुणाला. ती कॅसेट आता बाजारात मिळत नाही. आताच्या मालकाच्या ॲपवर पैसे भरून शोधली तर 'आपल्या भागात उपलब्ध नाही' असं येतं. स्वतः ऐकवायचं नाही, आणि तू गायलीस तर गुन्हा.

दुसरी कुणी रडत बसली असती. तू बस धरून बेळगावला आलीस. नेट सेंटरमधल्या बाईला म्हणालीस, "बाई गं, एकेक ओळ वाच. मराठीत सांग, न्हायतर कन्नडात. समजल्याबिगर मी कशाला बी व्हय म्हणणार न्हाय." दोन तास तिला हलू दिलं नाहीस. 'गाणी मी रचली' असं लिहायला हरकतीच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती, तर ते तू शेरा म्हणून खाली घालायला लावलंस. मी शेजारी बसून बघत होतो. आपली आक्का केवढी मोठी आहे, हे मला साठीत कळलं.

मग त्या ॲपवाल्यांनी कराराची प्रत पाठवली, ती बघायला तू परत बेळगावला आलीस. तुझं नाव, तुझी सही. तू चष्मा लावून बघितलंस. "ही माजी न्हवं. तवा मी अंगठा लावत हुते." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "चल रं, बस चुकंल."

आक्का, ती सही मी केली.

आपल्याकडं बाईच्या नावचा कागद आला की घरातला गडी सही ठोकून मोकळा. आईच्या कागदांवरही मीच करायचो. रेकॉर्डिंगसाठी तू माहेरी आली होतीस. कॅसेटवाला कागद घेऊन आला तेव्हा तू शेजारी हळदीकुंकवाला गेली होतीस. कागद इंग्रजीत होता. कुणाकडून तरी वाचून घेता आला असता, घेतला नाही. त्यानं माझ्यापुढं नवा टेपरेकॉर्डर ठेवला होता. कंपनीनं बक्षीस दिलंय, असं मी तुला सांगितलं. त्यावर तू तुझीच गाणी ऐकलीस आणि "लई चांगलं काम केलंस" म्हणालीस. ते अजून टोचतं.

सोमवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर चॅनेल कायमचं बंद, असं नीलम म्हणत होती. सही खोटी म्हटलंस की ते विचारणार, मग कुणी केली? तू माझं नाव घेणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तू काय ओळखलंस तेही मला ठाऊक आहे. म्हणून मीच लिहून देतोय. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे.

वाचून हे फाडू नकोस. नीलमला दे, आणि उत्तरासोबत जोडायला सांग. गाणी तुझी आहेत. मला ती कुणाला द्यायचा काहीच अधिकार नव्हता.

तुझा धाकटा भाऊ,
करारावर नागुबाई या नावानं सही करणारा,
परशराम रवळू पाटील