छातीचं माप

प्रिय सूनबाई,

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? वडिलांचा खोकला कमी झाला का? चिमणीचा पुढचा दात आला, की अजून बोळकंच? आणि तू वेळेवर जेवतेस ना? तुझ्या सासूची पाठ धरलेलीच आहे, जीभ मात्र कालपर्यंत ठणठणीत होती. मला म्हणायची, जन्मभर गिऱ्हाइकापुढे तोंड उघडलं नाहीत, आणि आता भर चौकात गळा काढता!

दर शनिवारी उभे राहतो आम्ही तिथे. सुरुवातीला पाच जण होतो, पाचही मुलगा गमावलेले. आता साठ-सत्तर येतात. फलक मी शिवतो. उरल्यासुरल्या अस्तराची अक्षरं कापायची आणि दुहेरी टीप मारायची: 'युद्ध थांबवा, पोरं परत आणा.' आपलं काही परत येणार नाही, पण दुसऱ्या कुणाचं तरी येईल. माझं बोलणं ऐकून लोक डोळे पुसतात. मी म्हणतो, त्यांनी माझा मुलगा नेला. तिथेच माझी जीभ अडखळते. लोकांना वाटतं, बापाला हुंदका आला.

तुमच्या लग्नाआधीची गोष्ट आहे. भरतीच्या पहिल्या खेपेला त्याची छाती अर्धा इंच कमी भरली. घरी आला तो शीळ घालतच. म्हणाला, सुटलो बाबा, आता तुमच्या शेजारी मशीनवर बसतो. पण मी दुकानात येईल त्याला सांगून बसलो होतो, पोरगा फौजेत चालला म्हणून. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? मग दोन महिने रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याला आरशासमोर उभं केलं. श्वास पोटात नाही, बरगड्यांत भरायचा. खांद्यामागची हाडं अशी बाहेर काढायची की टेप त्यांच्यावरूनच जावी. टेप कुठे फसते हे शिंप्याला नाही तर कुणाला ठाऊक? तो मध्येच म्हणायचा, बाबा, राहू द्या ना. मी म्हणायचो, अर्ध्या इंचाला घाबरतोस होय रे? दुसऱ्या खेपेला तो पास झाला. मी गल्लीभर चहा पाजला. हौसेनं भरती झालो, असं तो तुला सांगायचा ना? तसं सांग म्हणून मीच त्याला बजावलं होतं. तुझ्या सासूलाही यातलं काही माहीत नव्हतं. काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

हे सगळं आत्ता लिहितोय, कारण परवा तुझं पत्र आलं. पुढच्या शनिवारी चिमणीला घेऊन येईन, तुमचा हात धरून उभी राहीन, तुम्ही एकटेच खरं बोलता, असं तू लिहिलंस. ते वाक्य वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हात धरण्याआधी तो कसला आहे ते तुला कळायला हवं. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. आलीस तर हेच सगळं चौकात तुझ्यासमोर बोलेन, नाही आलीस तरी बोलेन. फक्त तुला ते गर्दीत उभं राहून पहिल्यांदा ऐकावं लागू नये. शनिवारच्या आत दोन ओळी लिही, पोरी. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझाच,
बाबा