खिरापतीच्या डब्यातले झेंडू

डोंबिवली पूर्व
८ सप्टेंबर

ती. शुभदावहिनीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन वाजला की दादा स्पीकर लावायला सांगतो, आणि हे त्याच्या कानी जायला नको. यंदा भाऊबीज माझ्याकडे होणार. दिवाळीच्या धुरात त्याचा दमा उसळतो म्हणून गेली तीन वर्षं मीच तुमच्याकडे येते आहे. भावाने बहिणीच्या घरी यायचं असतं. बहिणीने तबक सांभाळत रिक्षा शोधायची नसते.

तर, आमच्या सोसायटीच्या आवारात फटाके बंद. ज्याला हौस असेल त्याने मागच्या मैदानात जावं. हा विषय मी सभेपुढे ठेवलाय. घरोघरी चहा पिऊन आले. एकूण एक माणूस म्हणालं, की आसावरीताई, अगदी मनातलं बोललात. फक्त प्रत्येकाने पुढे जोडलं, की बाकीचे काही ऐकायचे नाहीत. हे बाकीचे कोणत्या मजल्यावर राहतात, ते मला अजून सापडलेलं नाही. रविवारी सभा आहे. ठराव झालाच म्हणून समज आणि दादाचा सदरा इस्त्रीला टाक.

लोभ आहेच, रविवारनंतर तो अभिमानात बदलावा.
तुझी आसावरी


घोडबंदर रोड, ठाणे
११ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सदरा कपाटातच आहे. चहापुढे बसलेला माणूस आणि सभेत बसलेला माणूस एकच असतो, असं तुम्हां कॉन्व्हेंटवाल्यांनाच वाटतं.

आमच्याकडे ओला-सुका कचरा वेगळा करायचा नियम आला, तेव्हा शेजारचे श्रीपादराव फ्लॅट विकून जाणार होते. आता तेच डब्याशी उभे राहून नव्या भाडेकरूंना नारळाची शेंडी कुठे टाकायची ते शिकवतात. नियम येईपर्यंत जाच असतो, आला की तो आपलाच संस्कार होतो. तेव्हा लोकांवर फार चिडू नकोस.

सभेत इंग्रजी झाडू नकोस आणि ह्यांच्या दम्याचं नाव काढू नकोस. आपल्यापायी अख्ख्या सोसायटीला नियम लावला असं कळलं, तर हे मुद्दाम येणार नाहीत. फटाके तर ह्यांना अजून आवडतात. तुझ्या ओवाळणीत लवंगीची माळ टाकायचे, आठवतं ना?

माया असू दे, भाषण आवर.
तुझी वहिनी


डोंबिवली
१५ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ठराव पडला. पडला म्हणजे काय, उभाच राहिला नाही. आमचे चेअरमन प्रफुल्लराव. दर लक्ष्मीपूजनाला त्यांची माळ तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत येते. त्यांनी विचारलं, की अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. शेजारच्या वैशालीचा हात निघाला, पण वाटेत केस सारखे करून परत गेला. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, हात कानाला लावून सरळ वर करा, कोपरात वाकलेला हात म्हणजे अर्धं उत्तर. इथे सगळी सभाच कोपरात वाकलेली! ज्यांच्या घरचा चहा पिऊन मला पित्त झालं, तीच ही माणसं. मी आता जिन्यात कोणाशी बोलत नाही.

अशा अवस्थेतही तुझी,
आसावरी

ता. क. तू विचारशीलच, म्हणून सांगून टाकते. माझाही हात वर गेला नाही. कोणाचाच दिसेना, तेव्हा चष्मा पुसत बसले. हसू नकोस.


ठाणे
१९ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हसले. ह्यांनी कारण विचारलं, तेव्हा खारीने तुळशीतली पणती पळवली असं सांगितलं.

अगं, तिथे प्रत्येकजण बाकीच्यांना भितोय आणि बाकीचे म्हणजे हेच सगळे. त्यात तूसुद्धा. आता माझं ऐक. नवरात्रात तुमच्याकडे भोंडला असतो. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. या वेळी एक डबा जास्त झाक. नियम हवा त्याने फडक्याखालून झेंडू टाकायचा, नको त्याने तगर. मूठ बंद. मग आत कोणतं फूल जास्त, ते सगळ्यांनी ओळखायचं. खिरापतीच्या वासाने पुरुष येतातच. फडकं मात्र चेअरमनच्याच हातून काढव.

जिन्यात बोलायला लाग, आणि माझ्यावर राग नको.
तुझी वहिनी


डोंबिवली
२९ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोक्याची दृष्ट काढायला हवी.

सगळ्यांनी तगर ओळखली. वैशाली तर म्हणाली, की तगरच असणार, आपली माणसं मी ओळखून आहे. प्रफुल्लरावांनी फडकं काढलं, तर डबा केशरी! तगरी खाली हात घालून शोधाव्या लागल्या. मग जी ती एकमेकींवर तुटून पडली, की मग सभेत दातखीळ बसली होती का.

फडकं काढायच्या आधीच प्रफुल्लरावांच्या बोटांना झेंडूची पाकळी चिकटलेली मी पाहिली होती. म्हणाले, की ताई, दरवर्षी माझ्याच कानांना दडे बसतात, पण खाली सगळे वाट बघत उभे असतात, चेअरमनने नाही कसं म्हणायचं. त्यावर खाली उभे राहणारे म्हणाले, की आम्ही तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून उभे राहतो. तोंडात वाटली डाळ असतानाच ठराव मंजूर झाला. या वेळी सगळे हात कानाला लागलेले होते. माझा सगळ्यांत आधी, हे लिहून ठेव.

सदरा इस्त्रीला टाक. लोभ आता तूच मागावास.
तुझी आसावरी


डोंबिवली
भाऊबीज, संध्याकाळ

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊही आज तुझ्याकडे येऊन गेला असेल. हे पत्र दादाच्या पिशवीत, चकलीच्या डब्याखाली ठेवते आहे.

दादा आला, पण फाटकातच अडकला. पिशवीत लवंगीची माळ! प्रफुल्लरावांनी स्वतः पकडला. दादा सांगत होता, की ही वाजवायची नाही, ओवाळणीत टाकायची आहे, आमची लहानपणापासूनची रीत आहे. प्रफुल्लराव म्हणाले, की काका, रीत पाटावर, नियम फाटकावर.

मी धावत खाली गेले. आणि वहिनी, माझ्याच तोंडून माझ्याच कानांनी ऐकलं, की एकच तर माळ आहे, भावाची आहे, आजचा दिवस सोडा. वरून वैशाली गरजली, की आसावरीताईंना काय वेगळा नियम आहे का. प्रफुल्लरावांनी अगदी हळुवारपणे माळ पाण्याच्या बादलीत बुडवून दादाला परत दिली आणि मला समजावलं, की ताई, आपल्या सोसायटीत हे पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून! भोंडल्याचे झेंडू अजून माझ्या कुंडीत वाळतायत.

दादा जिना चढून आला. पाटावर बसला. दम्याचा पंप खिशातच राहिला. मी ओवाळलं, तेव्हा त्याने तबकात तीच ओली माळ ठेवली. ती आता गॅलरीत वाळत घातली आहे. प्रफुल्लरावांना कळू देऊ नकोस.

पाटावरून उठताना दादा धुसफुसत विचारत होता, की हा नियम कोणा दीडशहाण्याने काढला, ते एकदा कळू दे मला.

मी सांगितलं, बाकीच्यांनी.

पुढच्या वर्षीही त्याला असाच पाठव, एवढंच मागणं.
तुझी आसावरी