परीक्षणावर आईचं नाव

बुधवार, कार्ले, संध्याकाळ

जादा गुण मिळाले, पाचपैकी पाच! आता संगणकाच्या विषयात नापास होणार नाही. तरी सरांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

या गुणांसाठी संगणकाबद्दलची एखादी इंग्रजी बातमी वाचून तिचं इंग्रजीतच परीक्षण लिहायचं होतं. माझी बातमी कारखान्यातल्या संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याची. तो सुट्या भागांवरचे तडे माणसापेक्षा चांगले ओळखतो म्हणे. आई नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत हेच काम करते. रविवारी ती भाकऱ्या थापत होती, तेव्हा तिला बातमी मराठीत सांगितली. म्हणाली, "तडा आन् तेलाचा वघळ सारकाच दिसतो. आमी बोट फिरवून बगतो. त्याला बोट हाय का?" तेच मी लिहिलं.

आज सरांनी वर्गात विचारलं, "हे कुठून उतरवलंस?"

'मलाच सुचलं' असं अगदी ओठांवर आलं होतं. का यावं? आईची लाज वाटते का मला? पण खरं तेच सांगितलं. सर म्हणाले, "मग तिचं नाव का नाही लिहिलंस?"

का नाही लिहिलं?

घरी आल्या आल्या परीक्षणाच्या कागदावर सगळ्यात वर तिचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि तिला दाखवलं.

"यातलं माजं कुटलं?"

"हे वरचं."

तिनं त्यावरून बोट फिरवलं. "आन् तुजं खाली? न्हाई गं, तुजं वर घे."

मी ऐकलं नाही.