मीठ मागायचं नाही

सोमवार, ११ मार्च. सकाळी.

आजपासून नवी वही आणि नवा माणूस. ईस्टरच्या आधी मन धुऊन घ्यायचं म्हणून आठवडाभर मठात मौन पाळायला निघालो आहे. हे मी ठरवलं. मार्सेला म्हणते, तिने ठरवलं. बायकोला श्रेय घेऊ द्यावं, संसाराच्या बिजागरीला तेवढंच तेल.

मुख्य काम एकच: डेलबर्टला माफ करणे. डेलबर्ट म्हणजे माझा थोरला भाऊ. अकरा वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. विनाकारण. मार्सेला काल म्हणाली, व्हर्न, तू त्र्याहत्तरचा, तो शहात्तरचा. आता काय एकमेकांच्या दफनाला बोलणार आहात? म्हटलं, ज्याचं दफन नसेल तो बोलेल. ती बॅग भरायला आत निघून गेली.

संकल्प: दिवसाच्या सातही प्रार्थना. गोड बंद. कुणाचे दोष काढायचे नाहीत, अगदी डेलबर्टचेसुद्धा, आणि त्याचे तर किती आहेत.

सोमवार, संध्याकाळी.

पोचलो. पाहुण्यांचं बघणारे फादर अलॉयशियस ऐंशीचे असतील. झग्याखाली चिखलाचे गमबूट. त्यांनी नियम सांगितले. रविवारच्या जेवणापर्यंत बोलायचं नाही. फोन ट्रकमध्ये ठेवायचा. रोज पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोललं तर चालेल. आणि जेवताना काहीही मागायचं नाही. शेजाऱ्याला काय हवं ते आपण ओळखून पुढे करायचं. पंधराशे वर्षांचा नियम आहे म्हणाले. मला फार पटला. घरी गेल्यावर मार्सेलाला शिकवणार.

जेवायला प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली, आडनावाच्या क्रमाने. मी माझ्या जागेवर बसलो. समोरच्या चिठ्ठीवरही स्टेकल. म्हटलं, जगात स्टेकल काय थोडे आहेत. तेवढ्यात खुर्ची ओढून डेलबर्ट बसला.

एवढं मोठं आयोवा राज्य, पण याला हाच मठ आणि हाच आठवडा मिळाला. निव्वळ योगायोग. त्याची बायको इर्मा आणि मार्सेला दर मंगळवारी इर्माकडे पत्ते खेळतात. तिथे निघाला असता विषय, तर मार्सेलाने मला सावध केलं असतं. बिचारीला कल्पना नसणार.

त्याने माझ्याकडे बंद पडलेल्या भट्टीकडे बघावं तसं पाहिलं. मीही तसंच पाहिलं, पण माझ्या पाहण्यात क्षमा होती.

मंगळवार, १२ मार्च.

पहिली घंटा सव्वातीनला. ऐकली. शरीराला एकदम धक्का देऊ नये म्हणतात. सातच्या प्रार्थनेपासून सुरुवात केली.

दुपारी उकडलेले बटाटे आणि घेवडा. बिनमिठाचे. मीठदाणी डेलबर्टच्या कोपराशी. मी मिठाकडे पाहिलं. मी मिठाकडे पाहतोय हे त्याने पाहिलं. मग त्याने कोरडा पाव मोडला आणि चावत बसला. लोणी माझ्याजवळ होतं. सरकवायला काय, बोट लावलं असतं तरी पुरे होतं. पण आधी त्याने दुसऱ्याची गरज ओळखायला शिकावं. त्याच्याच भल्यासाठी थांबलो.

जेवताना एक मठवासी वाचून दाखवतो. देवाधर्माचं असेल असं वाटलं होतं. दीपगृहांचा इतिहास निघाला.

फादरना सांगितलं, इथे काही जण नियम पाळत नाहीत. ते म्हणाले, तुझ्यापुढे काय होतं? म्हटलं, लोणी. ते म्हणाले, हं. मग खिडकीतून गाई बघत बसले. वयोमानाने लक्ष लागत नसावं.

बुधवार, १३ मार्च.

आज फादरनी विचारलं, भाऊ नक्की कशावरून रुसला? सगळं सांगितलं. इथेही लिहून ठेवतो, नोंद असलेली बरी.

वडिलांचं घर विकायचं होतं. सात महिने गिऱ्हाईक नाही. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: येशूच्या वडिलांची, सेंट जोसेफची, मूर्ती अंगणात पुरायची, डोकं खाली, पाय वर. घर विकलं की त्याला उकरून काढायचं, धुवायचं आणि आपल्या घरात मानाने ठेवायचं. बाकीचे लोक दुकानातला प्लास्टिकचा पुरतात. मी आजोबांचा पुरला. लक्झेंबर्गहून बोटीने आणलेला, लाकडी, वीतभर, नाकाचा टवका गेलेला. मनापासून करायचं तर खऱ्याने करावं.

चार दिवसांत घर विकलं गेलं. याबद्दल मला कुणी धन्यवाद दिल्याचं आठवत नाही.

मग मी मासे धरायला गेलो, ते आधीच ठरलेलं होतं. शिवाय फावडं डेलबर्टचं, आणि ते तो घेऊन गेलेला. परत येतो तर नव्या मालकाने अंगणात गाडी लावायला सिमेंट ओतलेलं. ट्रकमधून उतरलोसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी डेलबर्टचा फोन आला, जोसेफला काढलंस का रे? मी समाधानकारक उत्तर दिलं. तो म्हणाला, बरं. फोन ठेवला. तेव्हापासून अबोला.

फादर म्हणाले, समाधानकारक म्हणजे काय सांगितलंस? तेवढ्यात पंधरा मिनिटं झाली. म्हणजे जवळजवळ झालीच होती.

मीठ: नाही. लोणी: नाही. दीपगृहं: स्कॉटलंडपर्यंत आली.

गुरुवार, १४ मार्च.

पहाटेची प्रार्थना झोपेतच केली. देवाला कळतं.

दुपारी ट्रकची बॅटरी तपासायला गेलो. तपासता तपासता मार्सेलाला फोन लागला. तिचं पहिलं वाक्य: मीठ मिळालं का? मिठाचं हिला कसं कळलं, देव जाणे. बायकांना अंतर्ज्ञान असतं. ती म्हणाली, व्हर्न, हट्ट पुरे झाला, लोणी सरकव. म्हटलं, मी हट्टी नाही, मी तत्त्वाचा माणूस आहे. ती म्हणाली, तुझं तत्त्व मला माहीत आहे. दर मंगळवारी मला इर्माच्या दारात सोडतोस आणि तीन तास ट्रकमध्ये बसून राहतोस. बर्फातसुद्धा.

दोन ट्रक सोडून डेलबर्ट त्याच्या ट्रकमध्ये बसला होता. कानाशी काहीतरी धरून. त्याचीही बॅटरी असेल.

नवा विचार. फारच चांगला, लिहून ठेवतो. मठात सुतारकामाची खोली आहे. लाकडाचे तुकडे फुकट जातात. खिशात माझा चाकू आहे. त्यातून एक जोसेफ कोरायचा. हुबेहूब, नाकाच्या टवक्यासकट. घरी गेल्यावर कपाटावर ठेवायचा. म्हणजे मी फोनवर जे सांगितलं ते खरंच होईल. थोडं उशिरा, एवढंच.

शुक्रवार, १५ मार्च.

सबंध दिवस कोरकाम. सेंट जोसेफ स्वतः सुतार, तेव्हा ही प्रार्थनाच. सातांपैकी पाच प्रार्थना यातच धरल्या. चाळीस वर्षं लोकांच्या तळघरातल्या घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या, हाताला कला आहेच. दाढी जरा लांब झाली. ती कमी करताना गळा गेला. मग खांदे उतरवून गळा काढला. गंभीर चेहरा आला आहे.

फादर आत डोकावले. हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाले, छान जमलंय मक्याचं कणीस. दाणे मात्र कोरायचे राहिले.

जेवायला मासा. मासा आणि मीठ नाही, यापुढे कोणता उपवास असेल? डेलबर्टने मीठदाणी उचलली. मला वाटलं, आली. त्याने स्वतःच्या माशावर टाकलं आणि जिथल्या तिथे ठेवली. नव्हे, बोटभर आणखी त्याच्याकडे.

मीही लोण्याची बशी मांडीवर घेतली.

शनिवार, १६ मार्च.

झोप नीट लागली नाही. मांडीवरचं लोणी वितळून विजारीला लागलं होतं, त्याचा वास.

सकाळी खीर होती, ओटची. डेलबर्टचा चमचा तोंडापर्यंत पोचेस्तोवर अर्धी खीर वाटीत परत पडते. हात थरथरतो त्याचा. इतके दिवस माझं लक्ष नव्हतं, मी मिठाकडे बघत होतो. कधीपासून थरथरतो कोण जाणे. या अकरा वर्षांतच कधीतरी. हाच हात लहानपणी मला गोठलेल्या तळ्यातून कॉलर धरून बाहेर ओढायचा आणि नंतर त्याच हाताने मुस्कटात द्यायचा.

जेवताना लोणी अर्ध्या टेबलापर्यंत गेलं. मुद्दाम नाही, हात लागला.

फादरकडे गेलो. म्हटलं, बुधवारचं राहिलेलं सांगतो. मी डेलबर्टला फोनवर सांगितलं होतं की जोसेफला काढलाय. फादर म्हणाले, एवढंच? म्हटलं, धुतला पण म्हणालो. फादर गमबुटाचा चिखल काढू लागले. म्हटलं, कपाटावर ठेवलाय, छान दिसतो, असंही म्हणालो. तो गेली अकरा वर्षं सिमेंटखाली डोक्यावर उभा आहे, फादर, आणि त्याच्यावर कुणाची तरी गाडी.

फादर म्हणाले, मग यात माफ नक्की कोण कुणाला करणार होतं?

प्रश्न चांगला आहे. विचार करायला हवा. वितळलेल्या लोण्याचे डाग कशाने जातात तेही विचारायचं राहिलं.

रविवार, १७ मार्च. दुपारी, ट्रकमध्ये.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

घरून लिहून आणलेलं माझं क्षमेचं भाषण होतं चौदा पानांचं. सकाळी त्यातली डेलबर्टच्या स्वभावावरची नऊ पानं काढली. मग फावड्यावरची चार. शेवटचं पान वाचलं तर त्यावर फक्त ‘प्रिय डेलबर्ट’ एवढंच उरलं होतं.

जेवण वाढून झालं. फादरनी घंटा वाजवली, मौन सुटलं. सगळे एकदम बोलायला लागले, शाळा सुटल्यासारखे. आम्ही दोघं गप्प. सहा दिवस गप्प बसायची सक्ती होती तेव्हा किती सोपं होतं.

मी खिशातून माझा जोसेफ काढला आणि टेबलावर ठेवला. डेलबर्टने पाहिला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मग उचलून उलटा केला, डोक्यावर उभा केला आणि म्हणाला, हं, आता ओळखीचा वाटतोय.

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

मी म्हणालो, डेल, खरा माझ्याकडे नाही.

तो म्हणाला, माहीत आहे. माझ्याकडे आहे. फ्रिजवर.

सिमेंट ओतायच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतः जाऊन उकरून आला होता. मी फोनवर कपाटाचं वर्णन करत होतो तेव्हा जोसेफ त्याच्या हातात होता, नुकताच धुतलेला, नाकात अजून माती. तो म्हणाला, म्हटलं बघू या, व्हर्न किती दिवस त्याला कपाटावर ठेवतो. मी म्हणालो, मला वाटलं तू येऊन बघशील, म्हणून मी तुला कधी घरी बोलावलं नाही. तो म्हणाला, तू आत येऊन बघशील म्हणून मी अकरा वर्षं तो फ्रिजवरून हलवला नाही. इर्माला फ्रिजवर पावाचा डबा ठेवायचाय, तिची कटकट ऐकतोय.

मी म्हणालो, चुकलं माझं. आवाज फारच लहान निघाला. आजूबाजूला दीपगृहांवर चर्चा चालली होती.

त्याने मीठ सरकवलं. मी त्याच्या पावाला लोणी लावून दिलं, हाताचं काही बोललो नाही. बटाट्यांवर भरपूर मीठ घेतलं. खारट लागले. सहा दिवसांत सवय गेली.

रविवार, संध्याकाळी. घरी.

मार्सेलाला मोठी बातमी सांगितली: जोसेफ इर्माच्या फ्रिजवर आहे. ती मोजे घडी करत होती. म्हणाली, नवीन काय त्यात, दर मंगळवारी बघते मी त्याला. म्हटलं, अगं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, दर मंगळवारी म्हणत होते, आत चल. कोण म्हणायचं, मी ट्रकमध्येच बरा?

मठाबद्दल विचारलं तर म्हणाली, मठ इर्माने शोधला. बसायच्या जागेसाठी फादरना पत्र मी लिहिलं.

म्हणजे आडनावाच्या क्रमाने नव्हतं तर. फादरशी बोलायला हवं.

मंगळवार, १९ मार्च.

आज सेंट जोसेफचा सण. डेलबर्ट आणि इर्मा पत्त्यांना आमच्याकडे येणार, जोसेफला घेऊन. सहा महिने आमच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे, असं बायकांनी ठरवलं आहे. कपाट पुसून ठेवलं. माझा जोसेफही शेजारी ठेवणार होतो, मार्सेलाने तो स्वयंपाकघराचं दार अडवायला खाली लावला. चांगला बसतो.

जेवायला मी मीठ आणि लोणी दोन्ही डेलबर्टपुढे ठेवणार. त्याला मागावं लागणार नाही, ओळखून द्यायचं मी शिकलो आहे. बाकी मठाने मला शांत केलं आहे. जुनं काही उकरायचं नाही. विशेषतः फावड्याचा विषय काढायचा नाही, हा पक्का संकल्प.

बुधवार, २० मार्च.

फावड्याचा विषय निघाला. मीच काढला. सूप संपायच्या आत.

डेलबर्ट परवा परत येतोय. म्हणाला, माझं फावडं घेऊन येतो, समोर ठेवूनच बोलू. निघताना इर्माला हळूच म्हटलं, डेलबर्टला धरायला सोपा, मोठ्या कानाचा कप लागतो का, मी काढून ठेवतो. ती म्हणाली, हो. विचारलंस ते बरं केलंस.