कपातला चमचा

नॉर्डेन, २४ मार्च

ती. गेशेताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चिरकेल आणि तू भलतंच समजशील, म्हणून लिहितो. गाडीचा परवाना परत मिळवायला वर्षभर दारू सोडल्याचं सिद्ध करतोय, त्यातला मागचा लघवीचा नमुना प्रयोगशाळेनं बाद केला. दारू सापडली नाही, पण क्रिएटिनिन फारच कमी आलं. लघवी मुद्दाम पातळ केली, असं ते धरतात. आणखी एक नमुना असा गेला की वर्ष फुकट, आणि डेअरीचे मालक माझ्यासाठी राखून ठेवलेला दुधाचा टँकर दुसऱ्याच्या हाती देतील.

ताई, मी थेंबही घेतलेला नाही. डेअरीच्या आवारातला हार्म म्हणतो, व्यायामवाल्यांची क्रिएटिन पावडर घे, आकडा चढतो. डबाही देऊन गेलाय. काय करू?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
ओन्नो


लेअर, २७ मार्च

चि. ओन्नोस,
अ. उ. आ.

खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही. औषधांच्या दुकानात चौकशी केली. बाई म्हणाल्या, काही लपवायचं असलं की लोक भरमसाट पाणी पितात. मग तू एवढं पाणी का प्यायलास? बाबाही बायबलवर हात ठेवून शपथा घ्यायचे आणि गोठ्यात बाटल्या सापडायच्या. घेतली असशील तर तसं लिही. रागावेन, पण दार बंद करणार नाही. खोटं मात्र मला आता झेपायचं नाही. त्या पावडरीला हात लावू नकोस. थंडी आहे, लोकरीचे मोजे घाल.

काळजीनं अर्धी झालेली,
गेशे


नॉर्डेन, ३१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र फार लागलं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशीचं सगळं खाणंपिणं विचारलं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, मांस खाल्लं की थोडं वाढतं, खूप प्यायलं की पातळ होतं, असं त्या म्हणाल्या. ईस्टरआधीच्या उपासात मांस सोडायला तूच लावलंस. त्या सकाळी नमुना द्यायला लेअरच्या दवाखान्यात जाताना मी तुझ्याकडे थांबलो. रीतीप्रमाणे तीन कप चहा झाला. मग आल्मुटमावशी आली, तू नवी किटली भरलीस, आणखी तीन कप झाले.

पुरे म्हणून कपात चमचा ठेवला असता तर तू ओतायची थांबली असतीस. नाही ठेवला. बाबा चमचा ठेवून उठायचे ते थेट गुत्त्यावर जायचे. मी चहा नको म्हटलं की तुझा चेहरा अजून तसाच होतो. म्हणून पीत राहिलो.

पावडर परत केली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ती वाट धरू नकोस. नेहमीसारखं जेव, बेतानं पी. तेव्हा मांस सुरू केलंय, पाद्रीबाईंची समजूत तू काढ. पुढच्या नमुन्याला आता केव्हाही बोलावतील. तो निकाल तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलाय. आधी तूच फोड.

तुझ्यावर रुसलेला, तरी तुझाच,
ओन्नो


लेअर, १५ एप्रिल

चि. ओन्नोस,
अ. उ. आ.

गेल्या आठवड्यात नमुना द्यायला जाताना थांबलास आणि पहिल्याच कपात चमचा ठेवलास. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. किटली माझ्या हातातच होती, तुला दिसलंच असेल. पण मी ओतला नाही. तू निघाल्यावर दवाखान्याकडेच वळतोस ना, हे खिडकीतून पाहिलं. मग माझीच मला लाज वाटली.

काल निकालाचं पाकीट आलं. दोनदा सुरी लावली आणि बाजूला ठेवली. तू घेतली नाहीस म्हणालास, तेवढं मला पुरे. पाकीट न फोडता सोबत पाठवते आहे. आत काहीही असो, रविवारी ईस्टरला जेवायला ये. मांस भाजणार आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
गेशे


नॉर्डेन, १७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमुना ग्राह्य. दारूचा अंश नाही. पण ते वाचायच्या आधी मी त्या बंद पाकिटाकडेच कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

रविवारी येतो. चमचा ठेवीन, पण तिसऱ्या कपानंतर.

तुझा धाकटा,
ओन्नो