घासायचं मशीन

३ जानेवारी
मशीन आलं. लांब दांडा, पुढे ताटाएवढी गोल चकती, मागे धूळ ओढायचा पाईप. मुकादम म्हणाला, पुट्टी वाळली की भिंती याच्यानेच घासायच्या. मी म्हटलं, हातानेच घासतो. मामा शेजारीच उभा होता. मुकादमाने त्याच्याकडे बघितलं आणि मशीन कोपऱ्यात टेकवून गेला.
हे मशीन दोघांचं काम करतं. म्हणजे एक जण घरी. आणि तो मी नसणार — मामाचं वय झालंय, वर खोकला. मी हातच लावला नाही तर काय करतील!

८ जानेवारी
मुकादम परत बोलून गेला. नाही म्हटलं.

१५ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या खोल्या. मामा डोळे मिटून भिंतीवर तळवा फिरवतो, उंचवटा लागला की तिथे पॉलिश पेपर मारतो. मी बल्ब तिरका धरतो — सावली पडली तर अजून बाकी आहे. दुपारपर्यंत दोघेही पांढरेफटक. "भाचेबुवा, लग्नाआधीच म्हातारे झालात की," म्हणाला. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. पाणी दिलं.
इथे मामा सोडून मी कोणाशी बोलतो? कोणाशीच नाही.

१९ जानेवारी
हजेरीच्या मशीनवर अंगठा लागेना. सगळी बोटं लावून बघितली. भिंती घासून रेषाच गेल्यात. गेटवाला म्हणाला, मशीनच्या मते तू आलाच नाहीस. मागची रांग हसली. मीही हसलो. शेवटी मुकादमाने आत घेतलं. कातडी येईपर्यंत घासायचं मशीन धर, म्हणाला, नाहीतर घरी बस.
धरलं.

२० जानेवारी
दाब जास्त दिला. भिंतीत वाटीएवढा खड्डा! मामाने परत पुट्टी भरली. एवढंच म्हणाला, दाबू नकोस, त्याच्या वजनाने चालू दे.

२७ जानेवारी
जमलं. हात भरून येत नाही. धूळ सगळी पाईपात जाते, जेवताना दातात कचकच नाही. मशीन चांगलं आहे. लिहिताना कसंतरीच वाटतं, पण आहे. उगाच अडून बसलो होतो.
मामा आता नुसते कोपरे घासतो. चकती गोल, कोपऱ्यात जात नाही. या इमारतीला कोपरेच कोपरे असते तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी
व्हायचं तेच झालं. मुकादम म्हणाला, मामा निघतोय, आजपासून सगळ्या खोल्या तुझ्या. म्हटलं, मशीन परत घ्या. वेडा आहेस का, म्हणाला.
मामाने बॅग भरली. त्याची जाड चादर माझ्या खाटेवर ठेवली. मी नीट बोललोही नाही. काय तोंडाने बोलणार? मला इथे आणलं त्याने, हातात काम दिलं त्याने, आणि त्याच्याच पोटावर पाय दिला मी. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. दुपारी दोन खोल्या घासल्या.

६ फेब्रुवारी
आईचा फोन. मामा पोचला. विचारलं, माझ्यावर रागावलाय का?
"रागवेल कशाला? मशीन आलं तेव्हाच तो म्हणाला होता, छातीला धूळ सोसत नाही, मला सोडा. मुकादम म्हणाला, भाचा मशीन शिकला की जा. आणि तू हात लावेनास."
मग मला का नाही सांगितलं?
"म्हणाला, पोरगं एकटं पडायला घाबरतंय. त्याच्या मनाने होऊ दे."
म्हटलं, फोन दे त्याला. आई म्हणाली, तो घरी नाही. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय.