तिसरा चर

खडकमाळ, ता. पारनेर
१४ नोव्हेंबर १९९५

चि. शुभांगीस,
राहीबाई आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी आजी अजून जिवंत आहे, हे कळवायला हे पत्र. दसऱ्याला येते म्हणालीस, मग दिवाळीला येते म्हणालीस. तुमच्या नर्सिंगच्या शाळेत माणसाची दोनशे का किती हाडं पाठ करून घेतात म्हणे, त्या गर्दीत आजी कुठे ध्यानात राहणार? मला अक्षर येत नाही, म्हणून मला सगळं तोंडपाठ ठेवावं लागतं. तुम्ही वहीत लिहिता आणि वही मिटता. हे पत्र अंगणवाडीची मुक्ताबाई लिहिते आहे. ती माझ्या शिव्या गाळते, त्या तू आपल्या मनाने भर.

बातमी वाईट आहे. सोमवारी आपल्या चांदी कुत्रीला मारलं. कुऱ्हाडीचा एकच घाव. मुंडकं माळाच्या कुंपणावर बोरीच्या काट्यांत अडकवून ठेवलं होतं. मी सकाळी भाकरीचा तुकडा घेऊन गेले, तर ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होती. कुणी केलं ते विचारायला नको. आसाराम, माझ्या दिराचा मुलगा, तुझा चुलता. मी दारात जाऊन विचारलं, तर कुत्री शेळ्यांना चावते एवढंच म्हणाला.

विसरभोळ्या माणसाला मागचंही सांगावं लागतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही बाया पारनेरहून एसटीने राळेगणसिद्धीला गेलो होतो. तिथल्या टेकडीवर कमरेएवढं गवत आणि खाली विहिरींना पाणी. मला एकदम आपला चार एकरांचा माळ दिसला. मी नवी नवरी होते तेव्हा त्या माळाच्या पायथ्याला झरा होता, ओंजळीने पाणी पीत होतो. तेव्हाच ठरवलं की हा माळ पाच वर्षं कुणाच्या दाताला लागू द्यायचा नाही. उताराला आडवे चर खणले, पावसाचं पाणी अडावं म्हणून. कुंपण घातलं. सगळा गाव हसला. तुझा बाप म्हणाला की आई, दगडाला न्हाऊ घालून काय मिळणार? आज तिसरं वर्ष आहे आणि गवत मांडीला लागतं.

आसारामच्या बेचाळीस शेळ्या वाडवडिलांपासून इथेच चरत आलेल्या. माझ्या शेळ्यांनी काय धोंडे खावेत, असं तो विचारतो. त्याचंही खोटं नाही. मी म्हटलं, गवत कापून तुझ्या अंगणात आणून टाकीन. तर म्हणतो, शेळी म्हणजे पंगतीला बसणारी पाहुणी नव्हे.

मीही गप्प बसले नाही. मंगळवारी गोफणीने त्याच्या बोकडाचं शिंग उडवलं. नेम बोकडावर नव्हता.

जेवत जा. आठवण आली तर लिही, नाही आली तरी लिही.

तुझी आजी

पुणे
२६ नोव्हेंबर १९९५

ती. आजीस,
शुभांगीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले आणि मग चांदीसाठी जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर रडले. मुक्ताबाई, हे पत्र वाचून दाखवताना माझं रागावणं गाळू नका. शिव्या गाळता ते पुरे आहे.

आजी, मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक माणूस आणला. बांधावरून भावाशी भांडण. उजवा हात कातड्याच्या एका पट्टीवर लोंबत होता. सर्जन येईपर्यंत तो हात मी धरून उभी होते. गरम होता, आणि हळूहळू गार होत गेला. दारात दुसरा भाऊ बसला होता, त्याला सारखी उलटी होत होती. तेव्हापासून माझ्या स्वप्नात आपला माळ येतो.

बाबांचं म्हणणं आहे की माळ आसारामकाकांना देऊन टाक आणि चिंचवडला ये. खरं सांगते, मलाही तेच वाटतं. तू ज्या झऱ्याचं सांगतेस तो बाबांनी पाहिला नाही, मी पाहिला नाही, गावातही कुणाला आठवत नाही. तीन वर्षांत एक थेंब दिसला का? तुला अक्षर येत नाही म्हणतेस, पण पाच वर्षं मात्र बोटांवर पक्की धरून बसलीस. गवतासाठी कुणी मरत नसतं, आजी.

सुट्टी मिळाली की येते. तोवर गोफण खुंटीला टांगून ठेव आणि माझ्यावरची माया खाली उतरवू नकोस.

तुझी शुभांगी

खडकमाळ
२४ मार्च १९९६

चि. शुभांगीस,
आजीचे उरल्या दातांनिशी आशीर्वाद.

अक्षर बदललेलं बघून घाबरू नको. हे अक्षर आसारामचं हाय. मुक्ताबाई रक्ताचं ऐकलं की रडते आणि कागद भिजवते. वस्तीवर लिहिता येणारा दुसरा हाच. त्याचा जबडा डॉक्टरने बांधून ठेवलाय, बोलता येत न्हाई. मी सांगायचं आणि त्यानं निमूट लिहायचं. असा लेखनिक नशिबानंच मिळतो. मला अक्षर कळत न्हाई, पण पेन कुठं अडलं ते बरोबर कळतं.

धुळवडीनंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, आसारामने माळाच्या खालच्या कुंपणाला काडी लावली. इथं पेन अडलं होतं. मी नाव घालूनच लिही म्हटलं. (दोनदा लिहायला लावलं. — आसाराम)

त्याचा विचार असा, की कुंपण जळेल आणि म्हातारी कंटाळून पुण्याला जाईल. पण शेळ्या त्यानं आधीच वरच्या अंगानं आत घातल्या होत्या, आणि वारा खालून वर सुटला. मार्चातलं गवत ते, रॉकेल ओतल्यासारखं पेटत वर चाललं. मी खालून आले. आधी आग विझवायची सोडून मी गोफण फिरवली, ही माझी चूक. धोंडा त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. तो कुऱ्हाड घेऊन धावला. कुऱ्हाड उलटी धरली, एवढी लाज त्यानं राखली. दांडा माझ्या तोंडावर घातला. समोरचे तीन दात मातीत पडले, ओठ नाकापर्यंत फाटला. उरलेल्या दातांनी मी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं न्हाई.

मग शेळ्या ओरडल्या. लेकरं ओरडावीत तशा. आम्ही एकमेकांना सोडून वर पळालो. आगीनं पहिला चर ओलांडला, दुसरा ओलांडला. तिसऱ्या चराचा बांध रुंद होता, आणि त्याच्यावरचं गवत मी मार्गशीर्षातच कापून घेतलं होतं. तिथं आग घुटमळली. मी तरवडाच्या फांद्यांनी आणि त्यानं घोंगडीनं, दोघांनी तोंडातलं रक्त थुंकत थुंकत तिला बडवून बडवून मारली. माझे पुढचे केस जळाले, त्याच्या भुवया गेल्या.

तिसऱ्या चराच्या खाली अकरा शेळ्या जळाल्या. त्यातल्या दोघी अजून पाय झाडत होत्या. त्यांच्या माना त्यानं स्वतः कापल्या. रडता येईना, कारण तोंड उघडत नव्हतं. वरच्या एकतीस जिवंत होत्या, आणि निर्लज्ज माझंच गवत खात उभ्या होत्या. अडीच एकर काळं झालं, दीड राहिलं.

पारनेरहून हवालदार आला. मी दगडावर पडले म्हणून सांगितलं. आसारामला काही सांगताच येत नव्हतं. हवालदार गेल्यावर मी आसारामला माझी अट घातली. पावसाच्या आधी जळक्या भागात सात चर त्यानं खणायचे, शेळ्या बांधून ठेवायच्या, आणि गवत मी कापून टाकायचं. आज चौथा चर चालू हाय. खणताना बांधलेल्या तोंडातून मला शिव्या देतो, मला सगळ्या कळतात. सात जन्म खणलं तरी झरा यायचा न्हाई, असं त्यानं परवा कागदावर लिहून दिलं, मुक्ताबाईनं वाचून दाखवलं. म्हणेना का. त्याच्या कुदळीनं खड्डा पडतो, मला तेवढं पुरे.

तुझा बाप टेम्पो घेऊन मला न्यायला आला होता. त्याच टेम्पोनं मी त्याच्याकडून बोरीच्या काट्यांच्या तीन खेपा आणून घेतल्या. कुंपण पुन्हा उभं राहिलं. तो हातात रुतलेले काटे मोजत रिकामा परत गेला.

तू विचारलंस, झरा तुझ्याशिवाय कुणी पाहिला. व्हय, पाहणारे सगळे मेले. म्हणून तर मला हलता येत न्हाई. मी पुण्याला आले, तर इथं पाणी हुतं असं सांगणारं एकही तोंड माळावर उरायचं न्हाई. आणखी दोन वर्षं राहिलीत. नसलं आलं पाणी, तर तेव्हा खुशाल हसा, मीही बोळक्या तोंडानं हसेन.

रात्रपाळीत डोळ्यांना जप, आणि या दोन वेड्या माणसांवरची माया आटू देऊ नको.

आता कामाचं. लाडू, चिवडा, चकल्या काही पाठवू नको. मला चावता येत न्हाई आणि ह्याला तोंड उघडता येत न्हाई. सातूचं पीठ पाठव, बारीक दळलेलं, गूळ वेगळा बांध. दोन किलोनं भागायचं न्हाई, चार किलो पाठव. चर खणून आल्यावर हा माझ्या वाटणीचंही पितो.